पितळी ढाली

तंजावरला जाणारा मराठी प्रवासी बहुधा ठरावीक वाटेने फिरतो. बृहदीश्वराचे दर्शन, देवळाच्या भिंतीवर १८०३ साली कोरवलेला भोसले घराण्याचा प्रदीर्घ मराठी शिलालेख, त्यानंतर राजवाडा आणि सरस्वती महाल ग्रंथालय. परमुलखात आपली भाषा दगडावर पाहून ऊर भरून येतो आणि तेवढ्यात दिवस संपतो. त्याच शिवगंगा किल्ल्यात, देवळापासून थोड्याच अंतरावर, एक साधे चर्च आहे. तेथे फारसे कोणी वळत नाही. आत एक संगमरवरी उठावशिल्प आहे: मृत्युशय्येवर पडलेला वृद्ध पाद्री आणि त्याचा हात हाती घेऊन उभा असलेला राजा. पाद्री म्हणजे ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ, आणि राजा म्हणजे आपले दुसरे सरफोजी. हे शिल्प सरफोजींनी जॉन फ्लॅक्समन या प्रसिद्ध इंग्रज शिल्पकाराकडून करवून घेतले. राजा हिंदू होता आणि अखेरपर्यंत हिंदूच राहिला, हे येथे आधीच सांगितलेले बरे. कारण शिल्पाकडे पाहून भलतीच समजूत होण्याचा संभव आहे.

मात्र या लेखाचा विषय ते शिल्प नाही. या पाद्रीच्या धर्मग्रंथात एका अविश्वासू राजाची आणि त्याला झालेल्या ईश्वरी शासनाची कथा आहे. ती कथा आणि सरफोजींचे दत्तक वडील दुसरे तुळजाजी यांची कारकीर्द शेजारी ठेवून वाचली असता प्रशासनाच्या अभ्यासकाला पुष्कळ काही दिसते. श्वार्ट्झने तुळजाजींना ही कथा सांगितली होती असा माझा दावा नाही; शेजारी ठेवण्याचे काम माझे आहे. पण ती कथा तेव्हा तंजावरच्या परिसरात अज्ञात नव्हती. तरंगंबाडीच्या डॅनिश वखारीतील छापखान्यातून जुना करार १७२० च्या दशकातच तमिळमध्ये छापून पूर्ण झाला होता. मराठीत तर जुन्या करारातील कथा त्याहून आधी, १६१६ मध्ये, फादर स्टीफन्सने ओवीबद्ध केल्या. तंजावरला भोसल्यांची गादी स्थापन होण्यास त्या वेळी सुमारे साठ वर्षांचा अवकाश होता.

राजाचे नाव रहबाम. दावीदाचा नातू, शलमोनाचा पुत्र. इसवी सनापूर्वी दहाव्या शतकातला. बापाने मंदिर बांधले, राजवाडे बांधले, देशाचे बारा विभाग करून प्रत्येकावर एकेक अधिकारी नेमला आणि वर्षातील एकेका महिन्याचा राजवाड्याचा शिधा एकेका विभागावर लावून दिला. व्यवस्था कागदावर उत्तम होती. शिवाय वेठबिगार होती. वैभवाची साक्ष म्हणून शलमोनाने सोन्याच्या पाचशे ढाली घडवून महालात ठेवल्या, दोनशे मोठ्या आणि तीनशे लहान. शलमोन वारला तेव्हा प्रजा शखेम येथे जमली आणि नव्या राजापुढे एकच मागणी मांडली: वडिलांनी लादलेले जू हलके करा, आम्ही आपली सेवा करू.

रहबामाने तीन दिवसांची मुदत मागितली. सल्ला घेतला. वडीलधारे म्हणाले, आज या लोकांचे सेवक व्हा, म्हणजे ते कायमचे आपले सेवक राहतील. बरोबर वाढलेल्या तरुण मंडळींनी उलट सांगितले: दरारा बसवा, बापाहून मी जड आहे असे ठणकावून सांगा. राजाने दुसरा सल्ला ऐकला आणि प्रजेला आसुडाऐवजी विंचवांचे आश्वासन दिले. बारापैकी दहा वंशांनी तेथल्या तेथे पाठ फिरवली आणि ते आपापल्या घरी गेले.

यानंतर रहबामाने जे केले त्याची नोंद ग्रंथकाराने एका वाक्यात उरकली आहे, पण प्रशासनात काम केलेल्या कोणालाही तेथे थांबावेसे वाटेल. बिथरलेल्या लोकांकडे राजाने आपला अधिकारी म्हणून अदोरामाला पाठवले. अदोराम हा वेठबिगारीवरचा मुख्य अधिकारी. ज्याच्या नावाने लोक बोटे मोडत होते, नेमका तोच बोलणी करण्यास गेला. लोकांनी त्याला दगडांनी ठेचून मारले आणि राजा रथात बसून यरुशलेमेस पळाला. माणूस अनुभवी होता, ज्येष्ठ होता, त्या खात्याची त्याला खडानखडा माहिती होती, म्हणून त्याला पाठवले असणार. असे निर्णय आजही याच कारणांनी होतात.

येथे शास्त्रकार एक विलक्षण विधान करतो. राजाने प्रजेचे ऐकले नाही ते परमेश्वराच्या योजनेने, असे तो म्हणतो. कारण शलमोनाच्या अधर्माबद्दल राज्य दुभंगेल असे आधीच सांगितले गेले होते. म्हणजे ईश्वरी शासन आणि राजाचा मूर्खपणा या दोन वेगळ्या घटना नाहीत. आकाशातून वीज पडत नाही, भूकंप होत नाही. एक सभा होते, एक चुकीचे उत्तर दिले जाते आणि प्रजा निघून जाते. शासन म्हणतात ते हेच. ख्रिस्ती परंपरेने या प्रसंगाचा अर्थ लावताना ईश्वराच्या योजनेमुळे राजाची जबाबदारी कमी होते असे मानलेले नाही, हे लक्षात घेतले पाहिजे. दैवावर हवाला ठेवण्याची सोय या कथेत कोणालाही नाही.

पुढे काही काळ रहबाम बरा वागला. दहा वंशांवर चढाई करण्यासाठी त्याने मोठे सैन्य जमवले होते. शमाया नावाच्या संदेष्ट्याने ते आपल्या भाऊबंदांविरुद्धचे युद्ध म्हणून थांबवायला सांगितले आणि राजाने ते ऐकले. पंधरा नगरे त्याने तटबंदी करून मजबूत केली. धान्य, तेल, द्राक्षारस, ढाली आणि भाले यांचे साठे केले. तीन वर्षे नीट गेली. मग ग्रंथकार म्हणतो की राज्य स्थिर झाले आणि तो बलाढ्य झाला तेव्हा त्याने परमेश्वराचे नियमशास्त्र सोडले. अविश्वासूपणाची ही वेळ मोठी लक्षणीय आहे. संकटात माणूस देव सोडत नाही. गोदाम भरल्यावर सोडतो.

कारकिर्दीच्या पाचव्या वर्षी मिसरचा राजा शिशक चालून आला. इतिहासकार त्याला पहिला शेशोंक म्हणून ओळखतात. त्याच्या मोहिमेतील गावांची यादी कर्नाकच्या मंदिराच्या भिंतीवर आजही वाचता येते, आणि मोहिमेचा काळ सर्वसाधारणपणे इ.स.पू. ९२५ च्या सुमाराचा मानला जातो. तटबंदीची नगरे पडली. शमाया पुन्हा आला: तुम्ही परमेश्वराला सोडले, म्हणून त्याने तुम्हांला शिशकाच्या हाती सोडले. राजा आणि सरदार नमले, परमेश्वर न्यायी आहे अशी कबुली त्यांनी दिली. तेव्हा नाश टळला. मात्र पूर्ण सुटका झाली नाही. तुम्ही शिशकाचे अंकित व्हाल, म्हणजे माझी सेवा आणि परकीय सत्तांची सेवा यांतला फरक तुम्हांला कळेल, असा निवाडा झाला. शिशकाने मंदिराचा व राजवाड्याचा खजिना नेला आणि सोन्याच्या ढालीही नेल्या.

रहबामाने त्यांच्या जागी पितळी ढाली करवल्या आणि त्या पहारेकऱ्यांच्या नायकांच्या स्वाधीन केल्या. राजा मंदिरात जाई तेव्हा पहारेकरी त्या धरून चालत आणि नंतर परत आणून आपल्या देवडीत ठेवत. ढालीची लकाकी दुरून सारखीच दिसत असेल. आधीच्या ढाली महालात मांडलेल्या असत, या मात्र काम झाले की कुलपात जात. पितळेची मोजदाद सोन्याहून अधिक काटेकोर ठेवावी लागली, ही गोष्ट मला फार खरी वाटते.

आता तंजावर.

शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी यांनी १६७५ च्या सुमारास हे राज्य हस्तगत केले. कावेरीच्या मुखाकडचा प्रदेश, दक्षिणेतील भाताचे कोठार. तुळजाजी १७६३ मध्ये गादीवर आले. विद्येचे आणि संगीताचे ते आश्रयदाते होते; त्यांना निव्वळ ऐदी राजा ठरवणे अन्यायाचे होईल. परंतु अर्काटचा नबाब महंमद अली खंडणीच्या थकबाकीचे निमित्त घेऊन टपलेला होता, आणि नबाबाच्या पाठीशी मद्रासची इंग्रज कंपनी होती. नबाब स्वतः कंपनीच्या नोकरांच्या कर्जात बुडालेला. १७७१ मध्ये पहिली स्वारी झाली, पैशाच्या वचनावर ती मिटली. १७७३ मध्ये तंजावर पडले आणि तुळजाजी आपल्याच किल्ल्यात कैदी झाले. लंडनच्या संचालकांना हा व्यवहार पसंत पडला नाही. त्यांच्या हुकुमावरून गव्हर्नर लॉर्ड पिगॉटने एप्रिल १७७६ मध्ये राजाला पुन्हा गादीवर बसवले. तेव्हा पॉल बेनफील्ड नावाचा कंपनीचाच एक नोकर तंजावरच्या उभ्या पिकावर आपला हक्क सांगू लागला, कौन्सिलातील बहुमत त्याच्या बाजूने गेले आणि ऑगस्टमध्ये पिगॉटलाच अटक झाली. १७७७ मध्ये तो अटकेतच वारला. ज्या राज्यकर्त्यांच्या तोंडी पुढे तंजावरच्या गैरकारभाराची चर्चा सतत येते, त्यांच्या घरची ही स्थिती होती.

श्वार्ट्झ या काळात त्या मुलखात होता. जन्म प्रशियातील सोनेनबुर्गचा, १७२६ चा. हाल्ले येथील भक्तिपंथी लूथरन संस्कारांत तो तयार झाला, १७५० मध्ये तरंगंबाडीस उतरला आणि पुन्हा युरोपात गेला नाही. तमिळ, हिंदुस्थानी, फारसी त्याला येत होत्या. तंजावर दरबाराची भाषा म्हणून त्याने मराठीही शिकून घेतली. तुळजाजींची आणि त्याची पहिली भेट १७६९ मध्ये झाली. १७७८ पासून तो तंजावरलाच राहू लागला. १७७९ मध्ये मद्रासच्या गव्हर्नरने त्याला हैदर अलीकडे गुप्त बोलणीसाठी पाठवले. हा माणूस मला फसवणार नाही, असा हैदरचा भरवसा होता म्हणतात.

त्या बोलण्यांतून काही निघाले नाही. १७८० मध्ये हैदर कर्नाटकात उतरला आणि पुढच्या वर्षी तंजावरचा मुलूख त्याच्या फौजांनी व्यापला. किल्ल्यात दाणा संपत आला. रोज सकाळी रस्त्यावर प्रेते दिसत. गंमत अशी, किंवा दुःख असे, की बाहेर खेड्यांत भात होते. ते आणायला बैल नव्हते. बैल लोकांकडे होते, पण कोणी देईना. कारण याआधी सरकारने बैल नेले होते आणि पैसे बुडवले होते. त्या वेळी तुळजाजी एका इंग्रज अधिकाऱ्याला जे बोलले ते श्वार्ट्झने नोंदवून ठेवले आहे. त्याचा आशय असा की आपण दोघांनीही, तुम्ही आणि मी, पत घालवली आहे. आता लोक पाद्रीवर विश्वास ठेवतात का ते पाहू.

या उद्गाराबद्दल मला तुळजाजींविषयी मोठा आदर वाटतो. नमणे म्हणतात ते हे. राजाने स्वतःची चूक कबूल केली, आणि समोरच्या बलाढ्य मित्रालाही त्या कबुलीत ओढले. पाद्रीला कोरा अधिकार देण्यात आला. पैसे मी स्वतःच्या हाताने देईन एवढेच त्याने लोकांना सांगितले. एक-दोन दिवसांत एक हजार बैल मिळाले. त्याने आपले उपदेशक खेड्यांत पाठवले. ती माणसे जीव धोक्यात घालून गेली आणि ऐंशी हजार कलम भात घेऊन आली. (कलम हे तमिळ मुलखातील धान्याचे माप, आपल्या लेखणीशी त्याचा संबंध नाही.) किल्ला वाचला. काम झाल्यावर त्याने प्रत्येकाचा हिशेब चुकता केला, त्यासाठी काही अंशी दुसऱ्यांचे आपल्याजवळ असलेले पैसे वापरले, वर थोडे बक्षीस दिले आणि लोकांना घरी पाठवले. लेखापरीक्षकाने याला आक्षेप घेतला असता, हे मीही जाणतो.

मराठीत ‘पत’ हा शब्द फार नेमका आहे. सावकाराची असते ती पत आणि कुळाची, घराण्याची असते तीही पत. सरकारची पत खजिन्यात नसते. रहबामाच्या पंधरा तटबंदी नगरांत धान्य, तेल, भाले सर्व होते. शखेमला जे गेले ते परत आणण्याचे सामान मात्र त्या यादीत नव्हते.

हैदरचे युद्ध संपले, पण तंजावरचे दैन्य संपले नाही. तुळजाजींवर घरची संकटे कोसळली होती. मुलगा गेला, मुलगी गेली, नातू गेला. प्रकृती ढासळली. राजा वाड्यात बसून राहू लागला आणि कारभार बाबा नावाच्या सर्खेलाच्या हाती गेला. जमीनमहसुलाची वसुली अशी चालली की रयत गावे सोडून परागंदा झाली. श्वार्ट्झने दिलेला आकडा पासष्ट हजारांचा आहे. हा आकडा त्याने १७९४ मध्ये लंडनला पाठवलेल्या एका पत्रात दिला, आणि ते पत्र मिशनवर पार्लमेंटात झालेल्या टीकेला उत्तर म्हणून लिहिलेले आहे. तेव्हा साक्षीदार स्वतःच्या बाजूने बोलत आहे हे ध्यानात ठेवावे. पण लोक गेले याविषयी शंका नाही. कावेरीच्या खोऱ्यात जूनमध्ये नदीला पाणी आले की लागवड सुरू होते. त्या वर्षी सप्टेंबर उजाडला तरी शेतात नांगर नव्हता.

पाद्रीने राजाजवळ रदबदली केली: जुलूम थांबवा, लोकांना परत बोलवा. तुळजाजींनी निरोप पाठवला की न्याय मिळेल. कोणी आले नाही. तेव्हा राजाने पाद्रीलाच लिहायला सांगितले.

मराठी राज्यकारभारात या पत्राला नाव आहे. त्याला कौल म्हणतात. स्वारी-शिकारीने, दुष्काळाने किंवा जुलमाने गाव ओस पडले की सरकार कौल देई: परत या, जमिनी कसा, अमुक वर्षे सूट, सारा चढता घेऊ. आपल्या दप्तरांत असे कौल जागोजाग सापडतात. शिवाजी महाराजांनी चिपळूणच्या लष्करी अंमलदारांना १६७३ मध्ये लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहेच. दाणा-वैरणीसाठी रयतेला ओरबाडाल तर ती गाव सोडील आणि मोगल बरा होता म्हणेल, ही चिंता त्यात आहे. कौटिल्यानेही हीच उतरंड सांगितली आहे: क्षीण झालेली प्रजा लोभी होते, लोभी झालेली विरक्त होते आणि विरक्त झालेली शत्रूला मिळते. म्हणजे व्यंकोजींच्या वंशजाला हे ज्ञान परक्या शास्त्रातून मिळण्याची गरज नव्हती. कौलाचा नमुना दप्तरात होता, शिक्का होता, लिहिणारे कारकून होते. त्या कागदावर विश्वास ठेवणारे मात्र कोणी उरले नव्हते. तोच मजकूर एका जर्मन पाद्रीने लिहिला तेव्हा लोक परतले. सर्वांत आधी कळ्ळर आले, ज्यांना सरकारी कागदांत चोर-दरोडेखोर म्हणून नोंदवण्याची रीत होती. एका दिवसात सात हजार माणसे परत आली. मोसम जवळजवळ गेला आहे, आता कसून काम करा, असे त्याने विनवले तेव्हा ती म्हणाली की आपण आमच्यावर दया केलीत, आम्ही रात्रंदिवस राबू. त्या वर्षीचे पीक आधीच्या वर्षाहून चांगले आले.

या प्रसंगातून एक सोपा ख्रिस्ती धडा काढता येतो आणि तो अनेक इंग्रजी चरित्रांत काढलेला आहे: अधर्मी राजाला देवाने शिक्षा केली, देवाच्या माणसाने प्रजेला तारले. मला हा धडा अपुरा वाटतो, आणि त्या धर्मग्रंथाच्याच आधारे अपुरा वाटतो. पहिली गोष्ट, शमाया रहबामाच्याच लोकांतला होता. स्वतःच्या राजाला त्याच्या तोंडावर पाप दाखवण्याची किंमत मोजावी लागते. दुसऱ्याच्या राजाला, आपल्या पाठीशी तोफा उभ्या असताना, ते दाखवणे स्वस्त असते. श्वार्ट्झने स्वतः हा स्वस्तपणा केला असे मी म्हणणार नाही. तो लोकांत राहिला, त्यांच्याबरोबर उपासमार पाहिली. परंतु त्याच्या नावाचा उपयोग करणाऱ्या कंपनीने तो केला. दुसरी गोष्ट, ईश्वर ज्याला दंडुका म्हणून वापरतो त्याला निर्दोष मानण्याची परवानगी बायबल देत नाही. यशया संदेष्ट्याच्या दहाव्या अध्यायात अश्शूरच्या साम्राज्याला देवाच्या क्रोधाची काठी म्हटले आहे, आणि काम संपताच त्या काठीच्या गर्वाचाही हिशेब होईल असे लगेच सांगितले आहे. तुळजाजींनी ‘तुम्ही आणि मी’ असे म्हटले, त्यात हा अर्धा धडा होताच. चरित्रकारांनी ‘मी’ ऐकला आणि ‘तुम्ही’ सोडून दिला.

थकबाकी वाढली तेव्हा मद्रासचे गव्हर्नर सर आर्चिबाल्ड कँपबेल यांनी तंजावरच्या वसुलीवर देखरेख करण्यासाठी समिती नेमली आणि पाद्रीला तिचे सदस्य केले. ज्याच्या शब्दावर लोक परत आले तो आता महसूल समितीवर बसला. त्याचा हेतू चांगला होता. पण पत ही उसनी घेता येते, आणि उसनी घेणारा ती कशासाठी वापरील हे देणाऱ्याच्या हाती राहत नाही.

१७८७ च्या जानेवारीत, मरणापूर्वी, तुळजाजींनी घराण्याच्या दुसऱ्या शाखेतील सुमारे दहा वर्षांच्या मुलाला दत्तक घेतले. तेच सरफोजी. मुलाचा हात पाद्रीच्या हाती देऊन, हा माझा नव्हे तर तुमचा मुलगा समजा, अशा अर्थाचे राजे बोलले. श्वार्ट्झने पालकत्व आणि कारभार दोन्ही नाकारली. मी क्वचित येऊन भेटू शकेन, पण दरबारातल्या चुरशीत हे मूल कोण सांभाळील, असे म्हणून त्याने राजाचे सावत्र बंधू अमरसिंग यांच्याकडे कारभार सोपवावा असे सुचवले. सत्ता नाकारण्याचा हा निर्णय चरित्रकारांना साधुत्वाचा वाटतो. परिणाम मात्र असा झाला की कंपनीने पंडितांचे मत मागवले, दत्तक अशास्त्रीय ठरला आणि अमरसिंग कारभारी न राहता राजेच झाले. मुलाची आबाळ झाली. पाद्रीला पुढे अनेक वर्षे, पत्रामागून पत्र लिहून, स्वतःच्या सल्ल्याचे परिणाम निस्तरावे लागले. १७९३ मध्ये सरफोजी आणि तुळजाजींच्या विधवा मद्रासला हलवल्या गेल्या. मग पंडितांचे मत पुन्हा मागवण्यात आले. या वेळी दत्तक शास्त्रोक्त निघाला. धर्मशास्त्र तेच होते.

श्वार्ट्झ १३ फेब्रुवारी १७९८ रोजी तंजावरला वारला. सरफोजी त्याच वर्षी गादीवर बसले. दुसऱ्या वर्षी, ऑक्टोबर १७९९ मध्ये, झालेल्या तहाने राज्याचा सर्व मुलकी व लष्करी कारभार कंपनीकडे गेला. राजाकडे किल्ला, वर्षाला एक लाख स्टार पॅगोडा आणि निव्वळ महसुलाचा पाचवा हिस्सा राहिला. दरबार राहिला, हत्ती राहिले, देवळाकडे जाणारी मिरवणूक राहिली. त्या उरलेल्या उत्पन्नातून सरफोजींनी जे उभे केले ते आपण सारे जाणतो: हजारो पोथ्या, शाळा, छापखाना, वैद्यक, आणि १८०३ चा तो शिलालेख. पितळ म्हणून ते कमी लेखण्याचे मला धाडस होत नाही. रहबामाने तरी ढालींपलीकडे काय घडवले ते ग्रंथकाराने सांगितलेले नाही. तंजावरच्या महसुलाचा मालक नसलेला हा राजा विद्येच्या बाबतीत त्याच्या स्वतंत्र पूर्वजांहून मोठा ठरला. १८५५ मध्ये त्याचे पुत्र दुसरे शिवाजी औरस पुत्रावाचून वारले आणि कंपनीने उरलेलेही खालसा केले.

पुढच्या वेळी तंजावरला गेलात तर देवळातून बाहेर पडल्यावर थोडे चालून त्या चर्चमध्ये जावे. शिलालेख आणि शिल्प दोन्ही एकाच राजाने, राज्य हातचे गेल्यानंतर, करवून घेतलेली आहेत. एकात त्याने आपल्या पूर्वजांची नावे मराठीत कोरवली. दुसऱ्यात स्वतःला कोरवून घेतले: तलवार नाही, सिंहासन नाही, आजाऱ्याच्या अंथरुणाशेजारी उभा, समोरच्याचा हात धरलेला.